छातीवर लाथ आणि काढलेली जर्सी, दोन्हीला पिवळंच?

सेंटरहाफ

2010 च्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल परवा पुन्हा पूर्ण पाहिली. जोहान्सबर्ग, स्पेन विरुद्ध नेदरलँड्स, रेफ्री इंग्लंडचे हॉवर्ड वेब. 28 व्या मिनिटाला चेंडू हवेत होता, स्पेनचा शाबी अलोन्सो डोक्यानं खेळायला गेला आणि समोरून नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगचा पाय थेट त्याच्या छातीवर बसला. बुटाचे स्टड्स छातीत. वेबनी पिवळं कार्ड, म्हणजे नुसती ताकीद, दाखवलं. पुढे 116 व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्तानं सामन्यातला एकमेव गोल केला आणि धावत जाऊन जर्सी काढली. आतल्या बनियनवर दानी हार्केचं नाव होतं. आदल्या वर्षी अचानक वारलेला त्याचा मित्र, एस्पान्योलचा कॅप्टन. त्यालाही पिवळं.

इनिएस्ताच्या कार्डाबद्दल माझी तक्रार नाही. जर्सी काढली की पिवळं, हे नियमातच आहे, तिथे रेफ्रीच्या हातात काही नसतं. तक्रार पहिल्या कार्डाची आहे. जिथे सगळं रेफ्रीच्या हातात होतं, तिथे छातीवरच्या लाथेची शिक्षा जर्सी काढण्याइतकीच ठरली.

फाऊलबद्दलचा बारावा नियम वाचायला गेलं तर फार सरळ आहे. टॅकल करताना लक्ष नव्हतं, अंदाज चुकला, तर नुसता फाऊल. समोरच्याला लागेल याची पर्वा न करता गेलात तर पिवळं. गरजेपेक्षा फार जास्त जोर लावलात किंवा समोरच्याची सुरक्षितता धोक्यात आणलीत तर लाल, म्हणजे मैदानाबाहेर. यात कुठेही लिहिलेलं नाही की फायनल असेल तर एक पायरी खाली उतरा, पहिला अर्धा तास असेल तर खाली उतरा, खेळाडूला आधी एक पिवळं मिळालेलं असेल (दुसरं पिवळं म्हणजेही लाल) तर सोडून द्या. आणि तरी दर आठवड्याला आपण हेच बघतो. समालोचकसुद्धा कौतुकानं सांगतात की इतक्या लवकर लाल दाखवून रेफ्रीला मॅच खराब करायची नाहीये.

मॅच खराब कोणाची होते? ज्यानं लाथ खाल्ली त्याची तर झालेलीच असते. कार्ड फक्त कृतीवर ठरावं असं माझं ठाम मत आहे. मिनिट, स्कोअर, स्पर्धा, खेळाडूचं नाव, कशाचाही संबंध नसावा. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

पेठेतला पंच

विरोधी मत आहे. मी कोल्हापुरात स्थानिक सामन्यांना शिट्टी वाजवतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे.

आधी वेबबद्दल. त्यांनी नंतर स्वतः सांगितलंय की मैदानात त्यांना ते नीट दिसलं नव्हतं, आणि चित्रं बघितल्यावर ते लाल होतं हे कळलं. म्हणजे त्यांनी पायरी उतरवली हा तुमचा आरोप तिथे लागू होत नाही. न दिसलेल्या गोष्टीवर माणूस लाल कार्ड काढू शकत नाही, काढूही नये.

टीव्हीवर तुम्हाला टॅकल पूर्ण दिसतो. मैदानात तो बहुतेक वेळा अर्धाच दिसतो, मध्ये कोणाची तरी पाठ येते. मग बाकीच्या खुणा जुळवायच्या. गडी किती लांबून धावत आला, पाय जमिनीलगत होता की वर, एक पाय की दोन्ही, शेवटच्या क्षणी गुडघा वाकवून त्यानं जोर काढून घेतला की पाय ताठच ठेवला. कान उघडे ठेवायचे. चेंडूला बूट लागल्याचा आवाज वेगळा असतो, शिनपॅडचा वेगळा. पडलेला गडी कसा पडला आणि त्याच्या सगळ्यात जवळ जो उभा होता त्याचा चेहरा कसा झाला, तेही बघायचं. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. माझं पिवळं कार्ड छातीच्या खिशात असतं आणि लाल मागच्या खिशात. चुकून दुसरं हाताला लागू नये म्हणून तर आहेच, पण हात मागे जाईपर्यंत आणखी एक विचार करायला मिळतो, म्हणूनही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. फक्त कृती बघून कार्डं वाटली तर काय होतं ते 25 जून 2006 ला न्यूरेंबर्गमध्ये दिसलं. पोर्तुगाल विरुद्ध नेदरलँड्स, रशियाचे इव्हानोव्ह, 16 पिवळी आणि 4 लाल. प्रत्येक कार्डाला नियमात आधार सापडेल. सामना मात्र शेवटपर्यंत हातात आला नाही, आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लाटर यांनी जाहीरपणे रेफ्रीलाच दोष दिला. सामना सांभाळणं ही पळवाट नाही, तेच आमचं काम आहे.

सेंटरहाफ

न्यूरेंबर्गचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, दादा. त्या सामन्याचं सातवं मिनिट आठवा. नेदरलँड्सच्या बुलाहरूझचे स्टड्स पोर्तुगालच्या क्रिस्तियानो रोनाल्डोच्या मांडीवर. पिवळं दिलं. रोनाल्डो 34 व्या मिनिटाला रडत बाहेर गेला आणि बुलाहरूझ 63 व्या मिनिटापर्यंत खेळत राहिला. इव्हानोव्हनी तिथेच लाल काढलं असतं तर 22 जणांना समजलं असतं की आज हे चालणार नाही. त्यांनी कार्डं जास्त दिली हे मला मान्य नाही. पहिलं कार्ड स्वस्तात दिलं, आणि त्याची किंमत पुढचे 80 मिनिटं सगळ्यांनी मोजली.

पेठेतला पंच

बरं, मग लवकर लाल काढलेला सामना सांगतो, तोही आपल्या मुंबईतला. 20 डिसेंबर 2023, अंधेरीचं फुटबॉल अरीना, मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान. मुंबईच्या आकाश मिश्राला 13 व्या मिनिटाला थेट लाल. तुमच्या हिशेबानं त्यानंतर सामना शांत व्हायला हवा होता. एकूण 7 लाल कार्डं निघाली, त्यातली काही तर खेळ संपल्यावर. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, इतकी लाल कार्डं एका सामन्यात आपण कोणी बघितली नव्हती.

लवकर दिलेलं लाल सामना थंड करेल की पेटवेल, हे नियमाच्या पुस्तकात सापडत नाही. ते त्या दिवशीच्या मैदानात असतं.

मडगांवकार

त्या अंधेरीच्या सामन्याबद्दल बोलायचं तर, आमचा लिस्टन कोलासोही त्यात बाहेर गेला होता, म्हणून तो सामना आम्हा गोंयकारांच्या चांगला लक्षात आहे. पण तुम्ही दोघंही सगळा भार रेफ्रीवर टाकताय असं मला वाटतं. शिट्टी वाजून सामना संपल्यावर जी कार्डं निघाली त्यात रेफ्रीनं काय सांभाळायचं होतं? तेव्हा कुठला टॅकल नव्हता, पेनल्टी नव्हती. एकमेकांच्या अंगावर जाणं होतं.

आपल्याकडे क्लबही खेळाडूंना आवरत नाहीत. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत सुनील छेत्रीनं फ्री किक पटकन मारून गोल केला आणि केरळ ब्लास्टर्सचा अख्खा संघ मैदान सोडून गेला. नंतर त्यांना 4 कोटींचा दंड झाला आणि कोचवर 10 सामन्यांची बंदी आली. कोचच संघ बाहेर नेत असेल तर त्याच्या खेळाडूला पंचानं दाखवलेल्या पिवळ्याची काय किंमत राहणार?

पुण्याची फिजिओ

मी मुलामुलींच्या संघांबरोबर काम करते. मला या धाग्यात एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण पालकांकडून आणि कोचकडून मी ती सतत उलटी ऐकते. "त्यानं मुद्दाम नाही केलं" आणि "तो चेंडूलाच गेला होता." कार्डाच्या दृष्टीनं दोन्ही वाक्यांना जवळजवळ अर्थ नाही. रेफ्रीला मनातला हेतू तपासायला सांगितलेलंच नाही. जोर किती होता आणि समोरच्याला धोका किती होता, एवढंच त्यानं बघायचं. चेंडूला आधी पाय लागला आणि मग त्याच वेगात स्टड्स नडगीवर गेले, तर ते लालच.

याची दुसरी बाजूही सांगते, ती सेंटरहाफ यांना आवडणार नाही. दुखापत किती झाली यावरूनही कार्ड ठरत नाही. 3 नोव्हेंबर 2019 ला एव्हर्टन आणि टॉटनमच्या सामन्यात सॉन ह्युंग-मिननं मागून आंद्रे गोमेसला पाडलं. रेफ्री अॅटकिन्सन यांनी आधी पिवळं काढलं. मग गोमेसचा घोटा कसा वळलाय ते सगळ्यांना दिसलं, खेळाडू डोक्याला हात लावून उभे, सॉन रडत होता, आणि पिवळ्याचं लाल झालं. दोन दिवसांनी अपिलात ते लाल रद्द झालं. टॅकल पिवळ्याचाच होता. पुढे गोमेसचा पाय अडकला, तो दुसऱ्या खेळाडूवर आदळला, त्यामुळे ती भयंकर दुखापत झाली.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यांकडे बघून मला दर वेळी वाटतं की समोरचीला लाल मिळायला हवं होतं. पण लिगामेंट फाटतं तेव्हा अनेकदा कोणी हातही लावलेला नसतो. पाय रुतलेला असतो आणि शरीर वळतं. उलट, गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही पाय घेऊन आलेली मुलगी नशिबानं चुकते, कोणालाच लागत नाही, आणि रेफ्री नुसती ताकीद देऊन सोडतात. मला राग येतो तो या दुसऱ्या प्रसंगाचा. तिथे लाल द्यायला हवं, कारण पुढच्या आठवड्यात ती चुकणार नाही.

सेंटरहाफ

@पुण्याची फिजिओ, मला आवडलं. कृतीवर कार्ड ठरावं म्हणजे दुखापतीवर ठरू नये, हेही त्यात आलंच. न लागलेल्या लाथेलाही लाल, हे माझंच म्हणणं तुम्ही जास्त नेमकं मांडलंत.

कूपरेजचा कट्टा

मी या धाग्यावरचा बहुधा सगळ्यात म्हातारा. रोव्हर्स कपचे सामने मुंबईत कूपरेज मैदानाला बसून पाहिले आहेत. तुम्ही मंडळी पिवळं-लाल असं बोलता जणू ते खेळाबरोबरच जन्माला आलं. 1970 च्या मेक्सिको वर्ल्डकपपर्यंत कार्डं नव्हतीच. रेफ्री तोंडानं सांगायचा.

1966 च्या वर्ल्डकपला वेम्बलीवर इंग्लंडविरुद्ध अर्जेंटिनाच्या रॅटिनला जर्मन रेफ्री क्राइटलाइन यांनी बाहेर काढलं आणि तो जाईचना, कितीतरी वेळ हुज्जत चालली. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्लटन बंधूंना ताकीद मिळाली होती हे लोकांना नंतर कळलं. तेव्हा रेफ्रींचं काम बघणारे केन अॅस्टन घरी जाताना सिग्नलला थांबले आणि त्यांना पिवळ्या-लाल रंगांची कल्पना सुचली. म्हणजे कार्ड आलं ते सगळ्यांना निर्णय दिसावा म्हणून. निर्णय कसा घ्यायचा ते कार्डानं कधीच सांगितलेलं नाही. 1970 च्या पूर्ण स्पर्धेत एकही लाल निघालं नाही. वर्ल्डकपमधलं पहिलं लाल 1974 ला, चिलीच्या कार्लोस काझेलीला.

आणि हेच अॅस्टन 1962 ला सँटियागोत चिली-इटली सामन्याचे रेफ्री होते. इटलीचे दोघं बाहेर गेले. चिलीच्या लिओनेल सांचेझनं इटलीच्या डेव्हिडला ठोसा मारला, सांचेझ तसाच खेळत राहिला. पुढे डेव्हिडनं सांचेझला लाथ मारली, डेव्हिड बाहेर. कार्डाची कल्पना ज्याला सुचली त्या माणसाच्या हातूनही पहिला वार सुटला होता. पंचाला इतकं कडक मोजू नका.

सेंटरहाफ

काका, माहितीबद्दल मनापासून आभार, पण निष्कर्ष मी उलटा काढतो. पहिला वार सुटला, बदला घेणारा सापडला. तुम्ही सांगितलेला सामना 1962 चा आहे आणि आजही प्रत्येक मैदानावर हेच होतं. शांत डोक्यानं लबाडी करणारा वाचतो, चिडणारा जातो. त्याचं कारण रेफ्री पहिल्या वेळी "बघू पुढे" म्हणून सोडतो.

नेकारकाठ

श्टुटगार्टमधून लिहितोय. इथे दोन गोष्टींचा उल्लेख झालेला नाही.

एक, व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीला मदत करणारी सोय. 2018 च्या वर्ल्डकपला तो आला तेव्हा चारच बाबींसाठी आला: गोल, पेनल्टी, थेट लाल, आणि चुकीच्या माणसाला दिलेलं कार्ड. डी याँगची लाथ आज सुटली नसती, हे खरं. पण नवी अडचण तयार झाली. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी अनुभवी रेफ्रींना तेच फाऊल खऱ्या वेगात आणि स्लो मोशनमध्ये दाखवले, तर स्लो मोशन बघणारे जास्त कडक कार्ड देत होते. संथ चित्रात प्रत्येक पाय मुद्दाम आल्यासारखा वाटतो. म्हणून पाय कुठे लागला हे बघायला स्लो मोशन, आणि जोर किती होता हे बघायला खरा वेग, असा संकेत आहे. टीव्हीवर मात्र आपल्याला संथ तेच दहा वेळा दाखवतात आणि आपण त्यावर मत बनवतो.

दोन, प्रेक्षक. 2020 ला युरोपात रिकाम्या मैदानांवर सामने झाले. त्या काळाचे जे अभ्यास झाले त्यांत पाहुण्या संघांना मिळणाऱ्या पिवळ्या कार्डांचं प्रमाण खाली आलेलं दिसलं. म्हणजे एरवी त्यांना मिळणाऱ्या काही कार्डांमागे गॅलरीतला आरडाओरडा असतो. पेठेतले पंच, तुम्ही म्हणता त्या दिवशीचं मैदान बघून ठरवायचं. त्या मैदानात हेही येतं, आणि ते तुम्हाला स्वतःला कळतही नसतं.

पेठेतला पंच

हे मान्य करायला मला काहीच जड जात नाही. शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा सामना असला की एका टॅकलवर गॅलरीच्या गॅलरी उभ्या राहतात. तो आवाज पाठीवर आदळतो. अशा वेळी मी शिट्टी वाजवून मुद्दाम दहा पावलं चालतो, गड्याला बाजूला बोलावतो, मगच खिशाला हात लावतो.

पण प्रश्न फक्त टॅकलचा नाही, आणि सेंटरहाफ यांच्या "फक्त कृती" या सूत्राची खरी परीक्षा शिव्यांवर होते. नियम काय सांगतो? पंचाच्या निर्णयावर नाराजी दाखवली तर पिवळं. अपमानास्पद, शिवीगाळीची भाषा वापरली तर लाल. कागदावर हे चकचकीत दिसतं. आता गोलपोस्टसमोरून चेंडू वर मारलेला फॉरवर्ड आकाशाकडे बघून स्वतःलाच कचकचीत शिवी घालतो. तोच शब्द दुसरा गडी मित्राला पास मागताना वापरतो. तोच शब्द तिसरा 20 यार्डांवरून माझ्याकडे धावत येऊन, माझ्या तोंडासमोर बोट नाचवत वापरतो. शब्द एकच. पहिल्याला मी काही करत नाही. दुसऱ्याला जाता जाता "तोंड सांभाळ रे" म्हणतो. तिसऱ्याला लाल. तुमच्या सूत्रानं मी तिघांना बाहेर काढलं तर अर्ध्या तासात मैदान रिकामं होईल, आणि तिघांना सोडलं तर पुढच्या सामन्याला पंच मिळणार नाही.

तिसऱ्यासारखीच पण विनाशब्द गोष्टही असते. हात पसरून हसत टाळ्या वाजवणारा. एक शब्द नाही आणि अख्ख्या गॅलरीला समजतं. त्याला पिवळं देतो. नंतर त्याचे लोक विचारतात, बोलला काय तो? हे सांगायला पुस्तक पुरत नाही, नजर लागते.

सेंटरहाफ

पण ही नजर सगळ्यांना सारखी लागत नाही ना. मोठ्या क्लबचा कॅप्टन रोज बोट नाचवतो आणि 19 वर्षांचा नवा पोरगा एकदा हात झटकतो. पिवळं पोराला. यात कोणाचा अनुभव आणि कोणाची भीती, हे मला वेगळं करता येत नाही.

पेठेतला पंच

भीतीचा विषय काढलात, तर तेही लिहितो. 11 डिसेंबर 2023 ला तुर्कस्तानात हालिल उमुट मेलेर या रेफ्रीला सामना संपल्यावर अंकारागुजू क्लबच्या अध्यक्षानं मैदानात येऊन ठोसा मारला, खाली पडल्यावर लाथा बसल्या. सगळ्या देशाची लीग थांबवावी लागली. तो फिफाच्या यादीतला रेफ्री, पोलीस बंदोबस्तात. आमच्याकडे खालच्या गटाच्या सामन्याला कित्येकदा एक हवालदारही नसतो. एकदा शेवटच्या मिनिटांत एकाला बाहेर काढल्यावर मला आणि दोन्ही लाइन्समनना अंधार पडेपर्यंत खोलीत बसून राहावं लागलं, बाहेर लोक दार वाजवत होते. मी कार्ड मागे घेतलं नाही. त्यानंतर अहवाल लिहिला, पुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही. पुढच्या महिन्यात तो गडी खेळत होता.

मला हे सहानुभूतीसाठी सांगायचं नाही. कार्ड दाखवणं हे काम तिथे संपत नाही. त्या कार्डामागे जर संघटना उभी राहत नसेल तर "मिनिट बघू नका, नाव बघू नका" हे सांगणं सोपं आहे.

मडगांवकार

हे वाचून वाईट वाटलं. गोव्यातही गावच्या स्पर्धांमधल्या पंचांकडून असं ऐकलंय.

डगआउट

रेफ्रीची सगळी कुचंबणा दोनच रंगांमुळे होते असं माझं मत आहे. पिवळं म्हणजे प्रत्यक्षात त्या क्षणी काहीच शिक्षा नाही. लाल म्हणजे संघाचा उरलेला सामना संपला. मधलं काही नाही.

11 जुलै 2021, युरोची फायनल, 90 मिनिटं उलटून गेलेली, इंग्लंडचा बुकायो साका इटलीच्या कियेलिनीला चकवून निघाला आणि कियेलिनीनं मागून कॉलर धरून त्याला खाली ओढलं. मैदानाच्या मध्याजवळचा फाऊल, म्हणजे स्पष्ट गोलसंधी नव्हती, नियमाप्रमाणे पिवळंच. इटली पेनल्टीवर जिंकली. त्या पिवळ्यानं इटलीचं काय बिघडलं? इंग्लंडच्या हौशी सामन्यांत 2019 पासून हुज्जत घालणाऱ्याला 10 मिनिटं बाहेर बसवतात. तेच अशा मुद्दाम अडवणुकीला लावा. 2024 ला वरच्या पातळीवर अशा 10 मिनिटांच्या शिक्षेसाठी निळ्या कार्डाची चर्चा झाली होती, पण फिफाच्या अध्यक्षांनीच ती धुडकावली.

पुण्याची फिजिओ

10 मिनिटं बाहेर बसवण्याला माझा पाठिंबा हुज्जतीपुरता. जोराच्या टॅकलला हा मधला पर्याय दिलात तर आज ज्याला लाल मिळतं त्यातलं बरंचसं निळं होईल. रेफ्रीला सोपी वाट मिळाली की तो ती घेणार, कोणीही घेईल. दोन्ही पायांनी आलेल्या मुलीला 10 मिनिटं बसवून परत आत सोडणं मला चालणार नाही.

नेकारकाठ

इथल्या हौशी लीगमध्ये गेल्या काही काळात वेगळा उपाय आलाय. वातावरण तापलं की रेफ्री दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतो, सगळे खेळाडू आपापल्या पेनल्टी एरियात जातात, काही मिनिटं खेळ बंद. फक्त कॅप्टन आणि कोचशी बोलणं. असं दोनदा करता येतं, तिसऱ्यांदा वेळ आली तर सामनाच थांबवायचा. कार्ड न काढता सामना थंड करण्याची सोय रेफ्रीला मिळाली, तर कार्ड कृतीपुरतं ठेवता येईल. सेंटरहाफ आणि पंच या दोघांचंही यात भागतं.

पेठेतला पंच

हे आमच्याकडे आणायला हवं. 2024 च्या युरोत फक्त कॅप्टननंच रेफ्रीशी बोलायचं असा दंडक घातला होता, तोही बघितला. आम्ही स्थानिक सामन्यांत तोंडी सांगतो, पण त्यामागे लेखी नियम असला की बळ येतं.

रात्रीची मॅच

कार्डं हलक्यानं घेऊ नका म्हणणाऱ्यांसाठी: 2018 च्या वर्ल्डकपला गटात जपान आणि सेनेगलचे गुण, गोलफरक, केलेले गोल, आपसातला सामना सगळं सारखं होतं. जपान पुढे गेलं कारण त्यांची पिवळी 4 आणि सेनेगलची 6. एखाद्या सामन्यात कोणा रेफ्रीनं उदार मनानं सोडलेलं पिवळं तिसऱ्याच देशाला घरी पाठवू शकतं.

कूपरेजचा कट्टा

जर्मनीचा बलाक आठवा. 2002 च्या वर्ल्डकपची सेमीफायनल, सेऊल, कोरियाचा हल्ला थांबवायला त्यानं फाऊल केला. त्याला माहीत होतं की आणखी एक पिवळं म्हणजे फायनल नाही. कार्ड घेतलं, चार मिनिटांनी गोल मारला, जर्मनीला फायनलला नेलं आणि फायनलला बाहेर बसला. पुढे 2010 पासून क्वार्टर फायनलनंतर पिवळी पुसायला लागले. त्या क्षणी रेफ्री मायर यांनी दया दाखवली असती तर कोरियावर अन्याय झाला असता. या ठिकाणी मी सेंटरहाफ यांच्या बाजूचा आहे. नियम कडक वाटला तर वर बसलेल्यांनी बदलावा, रेफ्रीनं मैदानात बदलू नये.

सेंटरहाफ

काका, हेच तर.

@पेठेतला पंच, तुमचा खोलीतला प्रसंग वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तुम्ही ज्या परिस्थितीत शिट्टी वाजवता तिथे मी असतो तर काय केलं असतं, मला सांगता येणार नाही. पण तो प्रसंग पंचाला संरक्षण हवं, अहवालावर कारवाई हवी, यासाठीचा आहे. कार्ड कमी करण्यासाठीचा नाही. तुम्ही स्वतः कार्ड मागे घेतलं नाहीत.

तुम्हाला थेट विचारतो. 28 वं मिनिट, वर्ल्डकपची फायनल, लाथ तुम्हाला स्वच्छ दिसली. काय काढाल?

पेठेतला पंच

लाल. फायनल असली तरी. शरीराला धोका आहे तिथे मी मिनिट बघत नाही आणि कुठल्याही पंचानं बघू नये, इथे आपलं एकमत धरा. फिजिओ ताईंनी लिहिलेला न लागलेला टॅकलही त्यात घ्या.

पण दुसऱ्या पिवळ्यावर मी तुमच्याबरोबर येणार नाही. जर्सी ओढली, चेंडू लांब मारला, फ्री किक घ्यायला उशीर केला, अशा गोष्टींत एकाला आधी पिवळं असेल तर मी एकदा बोलावून, सगळ्यांना दिसेल असं, शेवटचं सांगतो. त्याचं दुसरं पिवळं म्हणजे 10 जण, आणि तितका गुन्हा त्यानं केलेला नसतो.

सेंटरहाफ

त्याच फायनलमध्ये 109 व्या मिनिटाला वेबनी नेदरलँड्सच्या हेटिंगाला दुसरं पिवळं दिलं. इनिएस्ताला खांद्याला धरून मागे ओढलं म्हणून, तुमच्या यादीतलाच फाऊल. गोलशून्य, टायब्रेकरला काही मिनिटं उरलेली, तरी दिलं आणि बरोबर दिलं. सात मिनिटांनी 10 जणांच्या संघावर गोल झाला. तुम्ही असता तर बोलावून शेवटचं सांगितलं असतं?

पेठेतला पंच

त्याला एकदा सांगून झालेलं होतं, 57 व्या मिनिटाला, पिवळं दाखवून. आणि तिथे इनिएस्ता गोलच्या दिशेनं सुटला होता, तो साधा जर्सी ओढण्याचा प्रकार नव्हता. मीही दिलं असतं. पण हाच फाऊल त्यानं मध्यरेषेजवळ, चार डच खेळाडू मागे असताना केला असता, तर दिलं नसतं. तुम्ही दिलं असतं. इथे आपलं जमणार नाही.

सेंटरहाफ

नाही जमणार. मध्यरेषेवर खेचला तरी तो खेचलाच.